‘खूप छान’ वाचून कळत काहीच नाही

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या मंडळींना घेऊन अजिंठ्याला जातो. परतीच्या बसमध्ये एक कागद फिरवायचो. माहिती कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी. जवळजवळ सगळे ‘उत्तम’वर खूण करायचे. दिवसभर सोबत चाललेल्या माणसाच्याच हातात कागद द्यायचा, तर दुसरं कोण काय लिहिणार? तरी मी ते कागद जपून ठेवत गेलो.

मागच्या हिवाळ्यात खुणा काढून टाकल्या. एकच प्रश्न ठेवला : ‘घरी गेल्यावर लेण्यांबद्दल काय सांगाल?’ नाव लिहायचं नाही, आणि कागद माझ्याकडे द्यायचा नाही.

वाचून रात्रभर झोप लागली नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी जॉन स्मिथ लिहिला होता. शिकारीला आलेला इंग्रज, १८१९ साल, दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं कोरलेलं नाव. सतराव्या लेण्याच्या भिंतीवर रंगवलेला, जातककथेतला राजपुत्र विश्वंतर एकाच्याही कागदावर नव्हता. दोष माझा होता. स्मिथची गोष्ट मी सकाळीच, लोक ताजेतवाने असताना रंगवून सांगायचो. आणि विश्वंतर भर दुपारी, अंधारात, मागच्या गटाची घाई सोसत उरकायचो.

पुढच्या खेपेला स्मिथ दोन वाक्यांत संपवला. विश्वंतर मात्र आत जाण्याआधी, सावलीत सगळ्यांना बसवून सांगितला : पाऊस आणणारा हत्ती दान देणारा, राज्यातून हाकलला गेलेला, शेवटी पोटची मुलंसुद्धा देऊन टाकणारा राजपुत्र. मग आत गेल्यावर लोक भिंतीवर त्या मुलांना शोधू लागले.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता तिथेही फलक लागतील, वाटाडे नेमले जातील. तिथे अभिप्रायाची वही ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तारे मोजू नका, काय लक्षात राहिलं ते विचारा. स्वच्छतागृहाच्या आणि बसच्या तक्रारी खऱ्याच असतात, पण त्यांचं पान वेगळं ठेवा, नाहीतर सांगणाऱ्याचं काम कसं झालं ते त्यात बुडून जातं. आणि जे मध्येच उठून बाहेर जाऊन बसले, त्यांच्याजवळ जाऊन विचारा. ते वहीत कधीच लिहीत नाहीत.

विश्वंतर सावलीत बसून सांगितला, त्याच खेपेच्या एका कागदावर होतं : ‘सव्विसाव्या लेण्यात झोपलेल्या बुद्धाच्या खाली रडणारी माणसं आहेत. तुम्ही त्यांच्याबद्दल काहीच बोलला नाहीत. मी तिथेच थांबले होते.’

अक्षर वयस्कर बाईचं वाटलं. आता त्या माणसांपाशी मी आधी गप्प उभा राहतो, आणि लोकांना पाहू देतो.