बदललेल्या गाडीचा न बदललेला विमा

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: तुमच्याकडे एक गाडी नाही, दोन आहेत. पहिली नोंदणीच्या कागदावर आहे. तिची उंची, वजन, टायरचा आकार, सगळं काही ती कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं आहे. गुणी आहे बिचारी. आजवर तिने चिखल पाहिलेला नाही. दुसरी, ऑफ-रोडिंगसाठी म्हणजे रस्ता सोडून चिखला-दगडांत चालवण्यासाठी बदललेली, दारात उभी आहे. तिच्यात चढायला पायरी लागते, तिच्या नाकावर रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच आहे, छपरावर तंबू आहे आणि ती सुरू केली की आळीतली झोपलेली माणसं उठून बसतात. विमा पहिलीचा काढलाय. अपघात व्हायचाच झाला तर दुसरीचा होणार. या दोघींची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, एवढंच काय ते कसब.

सुरुवात विम्याच्या प्रपोजल फॉर्मपासून करू. त्यात मध्येच कुठेतरी एक चोंबडा प्रश्न असतो: वाहनात काही फेरबदल केले आहेत काय? पुढे मोकळी जागा बोटभर. आता गाडी शंभर मिलिमीटरने उंच करणारी लिफ्ट किट, ३३ इंची टायर, लोखंडी बंपर, विंच, इंजिनाला उंचावरून हवा देणारं स्नॉर्कल, जादा इंधनटाकी, छपरावरचा रॅक आणि रॅकवरचा तंबू हे सगळं बोटभर जागेत मावणार कसं? कंपनीला सविस्तर उत्तर हवं असतं तर तिने जागा नसती ठेवली? तेव्हा 'नाही' लिहा. दोन अक्षरं, बरोब्बर बसतात.

मन खात असेल तर एकेका भागाची समजूत घाला. लिफ्ट किट? मूळ लीफ स्प्रिंग बसल्याच होत्या, नव्या घातल्या. ती झाली दुरुस्ती. त्या जरा उंच निघाल्या, हा स्प्रिंग बनवणाऱ्याचा दोष. टायर? टायर झिजतात, कधी ना कधी बदलावेच लागतात. बंपर? बंपरच्या जागी बंपरच तर लावला. स्नॉर्कल? गाडीने श्वास कुठून घ्यावा हा तिचा खासगी प्रश्न आहे. अशी यादी खाली उतरवत गेलात की शेवटी लक्षात येतं, आपण गाडीत काहीच बदललेलं नाही. फक्त खर्च झालाय.

तरीही मनात पाल चुकचुकलीच, तर इतिहासाचा आधार घ्या. विमा घेणाऱ्याने महत्त्वाची माहिती लपवू नये, या तत्त्वाचा पाया इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात घातला. कार्टर हा सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर. शत्रू किल्ला घेईल या धास्तीने विमा उतरवला गेला, फ्रेंचांनी किल्ला खरोखरच घेतला, आणि विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलंच नाही. गंमत अशी की हे थोर तत्त्व सांगून झाल्यावर न्यायमूर्तींनी निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने. किल्ल्याची अवस्था काय असेल याचा अंदाज विमा देणाऱ्याला यायला हवा होता, आणि त्याने काही विचारलंही नव्हतं. झालं तर मग! किल्ला सुमात्रात होता, तुमची गाडी तर फर्लांगभरावरून दिसते. मात्र कार्टरला कुणी लेखी प्रश्न विचारला नव्हता आणि त्याने 'नाही' असं लिहून दिलं नव्हतं, हा किरकोळ फरक वकिलापुढे काढू नका.

पुढे ब्रिटनने २०१२ साली खास ग्राहकांसाठी कायदा केला. आता आपणहून सगळं सांगायची सक्ती नाही. विचारलं तर काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं. उत्तर निष्काळजीपणाने चुकलं असेल आणि खरं सांगितल्यावर कंपनीने जास्त हप्ता घेऊन विमा दिलाच असता, तर भरपाई त्या प्रमाणात. म्हणजे हप्ता १५० चा हवा होता, तुम्ही १०० भरलेत, तर नुकसानीचे पैसेही दोन तृतीयांश. आणि जाणूनबुजून खोटं बोलला असाल तर पॉलिसीच गेली. तेव्हा निष्काळजी दिसण्याचा सराव करा. आरशासमोर उभं राहून म्हणा, "अगंबाई, बंपर वेगळा आहे होय?"

हा सराव फुकट घालवायचा असेल तर एक खात्रीचा मार्ग आहे: केलेल्या कामाचे व्हिडिओ टाका. तुम्ही ते टाकणारच. कारण हा छंद मुळात चिखलाचा नाही, तो सांगण्याचा आहे. गाडीखाली पाठीवर झोपून शॅकल, म्हणजे स्प्रिंगची कडी, बसवतानाचा व्हिडिओ, जुन्या आणि नव्या उंचीचे शेजारी शेजारी फोटो, मागच्या काचेवर लिफ्ट किटवाल्याचा स्टिकर, बंपरवाल्याचा स्टिकर, टायरवाल्याचा स्टिकर. विंच किती किलोची, हे तर पाहुण्यांना चहाच्या आधी कळतं. साऱ्या जगाला सांगून झाल्यावर फक्त दोघांना अंधारात ठेवायचं, एक नोंदणी कार्यालय आणि दुसरी विमा कंपनी. नेमक्या त्या दोघांना, ज्यांनी ही माहिती लेखी मागितली होती.

आता नोंदणीकडे वळू. याबाबत जगभरातली सरकारं उगाच जागरूक आहेत. जर्मनीत गाडीचा प्रकार बदलेल, इतरांना धोका होईल किंवा धूर-आवाज वाढेल असा बदल केला की गाडीचा वापरपरवाना आपोआप संपतो. नोटीस यायची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात अशा बदलांसाठी एक आख्खी संहिताच आहे, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे उंची वाढवली की मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड दर बदलामागे ठेवला आहे. या 'दर बदलामागे'चा मान राखून लाइटबार आणि त्याची पट्टी हा एकच बदल धरावा की दोन, यावर तुम्ही आत्तापासून विचार करून ठेवा.

ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे गुणपद्धती चालली. मूळ चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, ५ गुण, सस्पेन्शनला २, दोन्ही अ‍ॅक्सलला मिळून २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २, इंजिनाला १. मूळ भागांचे निदान ८ गुण भरले तर जुना नंबर राहायचा, नाहीतर गाडीची नव्याने तपासणी आणि नंबरपाटीवर गाडीची ओळख शंकास्पद असल्याचं सांगणारं क्यू हे अक्षर. शाळेत काठावर पास होणाऱ्यांना ही पद्धत फारच आवडली असावी. बारकाई बघा, चॅसीला सर्वाधिक गुण आणि गॅरेजमध्ये ग्राइंडर सर्वांत आधी चालतो तोही चॅसीवरच. त्याच देशात चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वाहनकर माफ आहे, म्हणून काही कल्पक मंडळी गंजून संपलेल्या जुन्या गाडीची पाटी काढून जवळजवळ नव्या गाडीला ठोकतात. त्याला गुन्हा म्हणतात. पण आपण याला कागदाचं अवयवदान म्हणू.

तपासणीचा दिवस आलाच तर काय करायचं? मूळ स्प्रिंग, मूळ टायर, मूळ बंपर अडगळीत जपून ठेवलेत ना? आदल्या रात्री चढवा, दुसऱ्या दिवशी उतरवा. फक्त चेहरा निर्विकार ठेवा. कारण वर्षभर चिखल खाल्लेल्या अंगाखाली स्प्रिंग धरणारे चार यू-बोल्ट नवेकोरे चमकत असतात, नटांवर पान्याच्या ताज्या खुणा असतात, आणि चाकामागच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर बऱ्याच मोठ्या टायरने घासून घासून काढलेली अर्धगोल रेघ असते. तपासणारा वाकून ती रेघ बोटाने चाचपतो. मग तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही आकाशाकडे बघा.

यामागचं शास्त्र मात्र कुणाला विचारू नका, मूड जातो. टायरचा व्यास २९ इंचांवरून ३३ वर नेला की चाक एका फेरीत सुमारे १४ टक्के जास्त अंतर कापतं. स्पीडोमीटरच्या काट्याला याची खबर नसते. तो इमानदारीत ८० दाखवतो आणि गाडी ९१ ने जात असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवायचा नसतो. थोडा जास्त चालतो, कमी नाही. पण याची उजळ बाजू बघा, ओडोमीटरवरचे किलोमीटरही कमी पडतात. गाडी विकताना उपयोगी.

उंचीचं गणित त्याहून कटकटीचं. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. येणारा आकडा जितका लहान, तितकी गाडी कलंडायला तयार. अमेरिकेत गाड्यांना उलटण्याबाबतचे तारे देताना हाच आकडा वापरतात. चाकांमध्ये १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० वर असेल तर १.०७ येतो. तो मध्य १० सेंटिमीटर वर नेलात की ०.९४. म्हणजे घसरण्याऐवजी आडवं होणं तिला सोपं वाटू लागतं. त्यावर छपरावर तंबू, तंबूशेजारी जेरीकॅन, जेरीकॅनशेजारी फावडं. फावड्याला आजवर माती लागलेली नाही, पण ते दिसायला हवं. वजनाचंही तेच. गाडीचं जास्तीत जास्त वजन उत्पादकाने ठरवून दिलेलं असतं, आणि लोखंडी बंपर, विंच, ड्रॉवर, फ्रीज, दुसरी बॅटरी एवढं चढवल्यावर अनेकदा शिल्लक राहतो तो फक्त चालक. बायको-मुलांना मागाहून बसने यायला सांगा.

स्नॉर्कलबद्दल एकच सांगतो. ते इंजिनाची हवा उंचावरून घेतं, बाकी काही करत नाही. दारांची रबरं, वायरिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची श्वासनळी, सगळं जिथल्या तिथे असतं. स्नॉर्कलचे जोड नीट बंद केलेले नसतील तर पाणी इंजिनात जातं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी शांतपणे पुन्हा एकदा स्टार्टर मारा. थोडं वाचलेलं तेही जाईल, आणि दुसऱ्यांदा स्टार्टर मारणं हा मालकाचा निष्काळजीपणा, असं म्हणायची सोय विमा कंपनीला होईल. तिलाही काही हवं की नको?

शिवाय पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक टायपात बरंच साहित्य असतं. शर्यत चालणार नाही, वेळ लावून केलेली चाचणी चालणार नाही, आणि कित्येक पॉलिसींत सार्वजनिक रस्ता सोडला की विमाही मागे राहतो. तुम्ही ऑफ-रोडिंगसाठी घेतलेल्या गाडीला ऑन-रोड विमा घेतलाय, हा विनोद तुम्हाला ऐन नदीपात्रात कळावा म्हणूनच तो टाइप बारीक ठेवलेला असतो.

मग एक दिवस विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर येतो. हा माणूस भांडत नाही, हे लक्षात ठेवा. तो उकिडवा बसतो, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावतो आणि टेपसकट फोटो काढतो. एअर फिल्टरचं झाकण उघडून तळाची वाळू चिमटीत धरतो. "साहेब, गाडी तशी चांगली ठेवलीय," म्हणतो. हे वाक्य ऐकून हुरळू नका. क्लेमच्या कागदावर ते येत नाही. समोरच्या माणसाचं नुकसान झालं असेल तर बहुतेक देशांत सक्तीच्या विम्याखाली कंपनी त्याला पैसे देते, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं. त्यापुढची ओळ वाचायची राहून गेलेली असते: अनेक ठिकाणी ते पैसे वसूल करायला कंपनी नंतर तुमच्याकडे येऊ शकते.

याउलट वागणारा एक चमत्कारिक मनुष्यवर्ग आहे, त्याच्या नादी लागू नका. हे लोक पान्याला हात लावण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारतात. मिळालेलं उत्तर जपून ठेवतात. जे नोंदवून मिळत नाही ते बसवतच नाहीत, जे मिळतं त्याचं प्रमाणपत्र घेतात, टायर बदलला की स्पीडोमीटर कॅलिब्रेट करून आणतात, वजनकाट्यावर गाडी भरल्या सामानासह उभी करतात. बिलं आणि फोटो एका फायलीत. त्यावर कंपनीशी गाडीची किंमत आधीच लेखी ठरवून घेतात, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यांना मिळालं असतं फक्त मूळ गाडीचं मोल. हप्ता जास्त भरतात आणि वर रात्री झोपतात. गप्पांच्या फडात यांच्याकडे सांगण्यासारखा एकही किस्सा नसतो.

गाडी शेवटी विकायची वेळ येते. या घडीला कागदावरच्या गाडीला क्षणभर विसरा आणि जाहिरातीत हात सैल सोडा. लिफ्ट किट किती इंची, टायर कोणते, विंच किती किलोची, स्नॉर्कल, लाइटबार, जादा टाकी, सगळं किमतीसकट लिहा. प्रपोजल फॉर्मवर न मावलेली यादी इथे चांगली पानभर होईल. खाली 'पेपर्स ऑल क्लिअर' हे टाकायला विसरू नका, आणि घेणाऱ्याने विमा कसा काढू म्हणून विचारलंच, तर त्याला हा लेख पाठवा.