लबाड कोणाला म्हणायचं नाही

बेभरवशाच्या माणसासाठी आपल्याकडे शब्दांची टंचाई नाही. पाण्याची असेल, शब्दांची नाही. लबाड, थापाड्या, बोलघेवडा, चालू, बिनबुडाचा. शिवाय भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो आणि लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नसतं, हे ऐकतच आपण मोठे झालो. अडचण साठ्याची नाही, वाटपाची आहे. कोणता शब्द कोणाला लावायचा हे न कळल्यामुळे गावात भली भली माणसं एकटी पडली आहेत. तुमचं तसं होऊ नये.

सुरुवात सोप्या माणसापासून करा, म्हणजे मजुरापासून. सोयाबीनच्या सोंगणीचा इसार घेतला आणि सकाळी टोळी दुसऱ्याच्याच वावरात दिसली, तर लबाड हा शब्द बिनधास्त वापरा. पानठेल्यावर मोठ्यानं वापरा. ‘नियतच नाही राह्यली लोकायची’ एवढं वर जोडा, चार माना आपोआप हलतात. तिकडे एकरी जास्त भेटून राह्यले होते आणि तुमच्याकडे मागच्या डवरणीचे पैसे अजून बाकी आहेत, हा विषय निघू देऊ नका. निघालाच तर ‘देऊन टाकू ना’ म्हणा. तुमचं ‘देऊन टाकू’ ही अडचण असते, त्याचं ‘येतो’ ही लबाडी असते.

थ्रेशरवाल्याशी मात्र जपून. दसऱ्याचे दिवस, शिवारभर कापलेल्या सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, गावात धड चालणारं मशीन एकच, आणि आभाळ भरून आलेलं. तुम्ही ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवता, वारा पाहून आणखी दोन ठेवता, मग फोन लावता.

‘येऊन राह्यलो ना जी! निघालोच!’

मागून कुकरची शिटी ऐकू येते. नीट ऐका. पहिलीच शिटी असेल तर जेवण अजून व्हायचं आहे, आणि जेवणानंतर माणूस लवंडतो. विदर्भाबाहेरच्या लोकांना हे ‘येऊन राह्यलो’ कळत नाही, ते बिचारे रस्त्याकडे पाहत बसतात. आपल्याकडे माणूस खाटेवर पडल्या पडल्या येऊन राहतो, आंघोळ करता करता येऊन राहतो, हंगामात तर एकाच वेळी तीन गावांना येऊन राहतो. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. तुम्ही म्हणायचं, ‘या ना भाऊ, आरामानं या.’ ‘आरामानं’ म्हणताना दात-ओठ खायचे नाहीत, फोनवरही ऐकू जातं. रात्री अकराला धुऱ्यावर ट्रॅक्टरचा उजेड दिसला की चहा पुढे करा आणि ‘तुमचाच भरोसा होता’ म्हणा. त्यालाही ते खरं वाटतं. नवल म्हणजे त्या क्षणी तुम्हालाही वाटतं.

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की अदब आणखी वाढवा. थ्रेशरवाला भाऊ होता, लाईनमन साहेब होतो. ‘पाच दिवस झाले, लाईन काहून नाही आली?’ असं विचारायचं नसतं. ‘साहेब, जमलं तर थोडं आमच्याकडचं पाहा ना’ असं म्हणायचं असतं. खुद्द विजेलाही बेभरवशाची म्हणू नका. पेपरवाले ‘लपंडाव’ लिहितात, तेच बरं. लपंडाव म्हटलं की कोणीतरी खेळतंय असं वाटतं. कृषिपंपाची पाळी कधी दिवसा, कधी रात्री; रात्री दोनला टॉर्च घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला त्या शब्दानं थोडं बालपण आठवतं. (हातातली काठी खेळासाठी नाही. रानडुकरं वेळापत्रक पाळतात, फक्त आपलं नाही.)

पावसाबद्दल कसं बोलावं, हे हवामान खात्याकडून शिका. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याला चक्क व्याख्या आहे. विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पडला की तो तुरळक, २६ ते ५० टक्क्यांवर पडला की ‘काही ठिकाणी’. तेव्हा शेजाऱ्याच्या वावरात पडला आणि तुमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, थेंब नाही, तर अंदाज चुकला म्हणू नका, तो तंतोतंत बरोबर आला. देशाचा मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्क्यांत बसला की वर्ष सामान्य. मृगात दोन सरी, मग तीन आठवडे कडक ऊन आणि ऑगस्टात एका रात्रीत नाल्याकाठची माती खरडून गेली, तरी बेरीज जुळू शकते. दुबार पेरणी आली तर पावसाला बोल लावायची सोय नाही, कारण ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका हे कृषी खात्यानं आधीच सांगून ठेवलेलं असतं. ज्यांना टक्केवारी झेपत नाही त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला जावं. तिथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत. ते खरं होवो न होवो, ढेकूळ ओलं की कोरडं हे निदान आपल्या डोळ्यांनी दिसतं.

सगळ्यात भारी शब्द धरणासाठी राखून ठेवा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च हजारो कोटींत गेला. तीन तपं उलटली. पायाभरणीच्या वेळी कडेवर असलेलं पोट्टं आज स्वतःच्या पोराला बारावीचे क्लास लावून राह्यलं, आणि कालव्यांचं काम काही सरलं नाही. म्हटलं का कोणी त्याला लबाड? ते ‘प्रगतिपथावर’ असतं, निवडणुकीच्या आधी ‘अंतिम टप्प्यात’ असतं, आणि फारच राग आला तर ‘रखडलेलं’ असतं. रखडलेलं हा फार गुणी शब्द आहे. त्यात रखडवणारा कोणीच नसतो. एक सकाळ बुडवणाऱ्या मजुराचं मात्र नाव, आडनाव आणि बापाचं नाव अख्ख्या पानठेल्याला पाठ.

आता तुमच्यासाठी कोणता शब्द काढून ठेवला आहे, तेही पीककर्जाचा फॉर्म भरतानाच विचारून घ्या. मार्चअखेर भरणा झाला नाही की तुम्ही थकबाकीदार. रखडलेले नाही, प्रगतिपथावर नाही, अंतिम टप्प्यात तर मुळीच नाही. परतफेड तुरळक ठिकाणी झाली, असंही तिथे चालत नाही. शाखेतून फोन आला तर ‘येऊन राह्यलो ना साहेब’ म्हणून पाहा. पण मॅनेजर नुकताच सांगलीकडून बदलून आलेला असतो. तो खरंच पाच वाजेपर्यंत दाराकडे पाहतो, आणि मग नोटिशीवर सही करतो.