क्लॅम्प हाताशी हवा, उघडून ठेवलेला कशाला?

नर्सेसच्या तीन ग्रुपवर मला एकच फॉरवर्ड आला. सारांश असा: ‘आता ऑपरेशनच्या ट्रेमधली इन्स्ट्रुमेंट डेटा बघून कमी करणार म्हणे. रक्तस्राव सुरू झाला की रक्तवाहिनी दाबून धरणारा क्लॅम्प काय एक्सेल शीट आणून देणार? जास्तीचं सामान हीच पेशंटची सुरक्षा. आणि वापरलं नाही ते परत कपाटात जातं, मग वाया काय गेलं? हा हिशेबनिसांचा खेळ आहे, तोही अमेरिकेतल्या श्रीमंत हॉस्पिटलांना परवडणारा.’ खाली हात जोडल्याचे चार इमोजी.

मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बरीच वर्षं स्क्रब करते, म्हणजे टेबलापाशी उभी राहून सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देते. लिहिणाऱ्याची भीती खोटी नाही, पण मुद्दे कच्चे आहेत.

‘परत कपाटात जातं.’ नाही जात. हा आधी घेते, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. बाहेरून सामान आणून देणाऱ्या फ्लोअर सिस्टरने सूचरचं, म्हणजे टाक्याच्या दोऱ्याचं, पाकीट सोललं आणि आतलं फॉइल माझ्या ट्रॉलीवर आलं, की ते त्या पेशंटचं झालं. टाका घातला नाही तरी पुढच्या पेशंटला ते चालत नाही. स्टीलचं वेगळं असेल असं वाटतं, पण ट्रे उघडला की हात न लागलेली आर्टरीसुद्धा (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) सीएसएसडीत, म्हणजे इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करणाऱ्या विभागात, जाते. धुणं, ब्रशने सांधा घासणं, वाळवणं, मोजणं, पॅकिंग, मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करणं. शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ४९ ऑपरेशनांत कोणी काय उचललं ते बसून मोजलं. २०१४ साली ते आकडे छापून आले. ट्रेमधली ईएनटीत १३ टक्के, प्लास्टिक सर्जरीत सुमारे १५ आणि न्यूरोसर्जरीत सुमारे २२ टक्के इन्स्ट्रुमेंट वापरली गेली होती. बाकीची नुसती आंघोळ करून परत आली. एकदाच वापरायच्या सामानाचा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉस्पिटलाने केला. न्यूरोसर्जरीच्या ५८ केसेसमध्ये उघडून न वापरलेलं सामान केसमागे सरासरी ६५३ डॉलरचं निघालं, म्हणजे सामानावरच्या खर्चातले १३ टक्के.

‘रक्तस्राव झाला तर?’ हा प्रश्न खरा आहे, आणि नुसती टक्केवारी बघून कात्री चालवणाऱ्याला तो विचारलाच पाहिजे. शंभर केसेसमध्ये एकदाही न लागलेला व्हॅस्क्युलर क्लॅम्प एकशे एकाव्या केसला लागतो. पण म्हणून तो रोज उघडून ट्रॉलीवर मांडायचा का? तो त्याच खोलीत, वेगळ्या पॅकमध्ये, सील न फोडता रॅकवर ठेवायचा आणि पॅकवर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं. हाक आली की फ्लोअर सिस्टर काही सेकंदांत सोलून देते. उघडायचं काय आणि हाताशी ठेवायचं काय, एवढंच डेटावरून ठरवायचं असतं.

उलट गर्दीचाच धोका जास्त. एका हॉस्पिटलात, नाव कशाला, रात्रीच्या लॅप्रोटॉमीत, म्हणजे पोट उघडायच्या ऑपरेशनात, सरांनी हात पुढे केला, ‘राइट अँगल!’ म्हणजे टोकाशी काटकोनात वाकलेला चिमटा, आणि मी आर्टरीच्या ढिगात शोधतेय. तो तिथेच होता, दोन ॲलिस चिमट्यांच्या खाली. सर काही बोलले नाहीत, मास्कवरून नुसते बघत राहिले. शेवटी काउंट, म्हणजे मोजणी, आलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या चेकलिस्टमध्ये पेशंट बाहेर नेण्याआधी इन्स्ट्रुमेंट, मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) आणि सुया मोजून घ्यायला सांगितलंय. रात्री दोन वाजता शंभराच्या वर नग मोजून बघा, मग सांगा जास्तीचं सामान म्हणजे सुरक्षा का ते.

‘हिशेबनिसांचा खेळ.’ त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलात २०१५ मध्ये ६३ सर्जनना दर महिन्याला एक पत्रक जायचं: तुमच्या केसमागे सामान किती रुपयांचं, म्हणजे डॉलरचं, आणि तुमच्या सहकाऱ्यांचं किती. बंदी कशावरच नव्हती. वर्षभरात त्यांचा केसमागचा खर्च साडेसहा टक्क्यांनी उतरला, पत्रक न मिळालेल्यांचा सात टक्क्यांहून अधिक चढला. तीस दिवसांतले मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं वाढलं नाही. हेही सांगायला हवं की खर्च पाच टक्क्यांनी उतरवणाऱ्या विभागाला ५० हजार डॉलरचं बक्षीस होतं आणि दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्यामुळे सगळं श्रेय पत्रकाला देऊ नये. पण शेजारच्या टेबलावरच्या सरांपेक्षा आपला आकडा मोठा दिसला की सर्जन काय करतात, हे ओटीतल्या कोणालाही ठाऊक आहे.

‘श्रीमंतांना परवडणारं.’ तमिळनाडूतलं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. तिथे मोतीबिंदूच्या एका फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायच्या) ऑपरेशनमागे जेमतेम २५० ग्रॅम कचरा होतो. सहा लाखांहून अधिक डोळ्यांची नोंद तपासून त्यांनी दाखवलं की डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू केल्यावर आतल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ वर आलं. काटकसर डोळ्यांना भोवत नाहीये, हे ते छातीठोकपणे सांगू शकतात, कारण संसर्गही ते मोजतात.

सॉफ्टवेअरही लागत नाही. आम्ही ट्रेच्या लिस्टच्या झेरॉक्स काढल्या, हर्नियाच्या वीस केसेस घेतल्या आणि वापरलेल्या इन्स्ट्रुमेंटसमोर टिक करत गेलो. पोटातले अवयव बाजूला धरायच्या मोठ्या डीव्हर रिट्रॅक्टरसमोर एकही टिक नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, तो कधीच रिटायर झालेल्या एका सरांच्या सांगण्यावरून लिस्टमध्ये आला होता. सीएसएसडीतल्या मामांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘सिस्टर, मी तर रोज घासून देतोय. मला वाटलं, भारी कामाचा असेल.’