बाळाचं वेगळं पातेलं चढवू नका

घरात सहा महिन्यांचं बाळ आहे आणि त्याच्यासाठी रोज वेगळा स्वयंपाक होतोय असं कुणी सांगितलं की मी हल्ली गप्प बसत नाही. बाळाला वेगळ्या पातेल्याची गरज नसते. घरात जे शिजतंय त्यातलाच घास त्याला हवा असतो. फक्त तो मीठ घालण्याआधी बाजूला काढलेला असावा आणि त्याला गिळता येईल इतका मऊ केलेला असावा. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मी पूर्ण विचार करून म्हणते आहे. म्हणून ही लांब पोस्ट.

आधी वेळेबद्दल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, आणि मग दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर त्यापुढेही चालतं. ज्यांना फॉर्म्युला द्यावा लागतो त्यांनी त्याबद्दल एक क्षणही वाईट वाटून घेऊ नये, पुढचं सगळं त्यांनाही तसंच लागू आहे. कॅलेंडरच्या जोडीला बाळाकडेही बघायचं. मान नीट धरतंय का, आधार देऊन बसतं का, दिसलेली वस्तू हाताने उचलून तोंडाकडे नेतं का, चमचा तोंडात गेल्यावर जिभेने सगळं बाहेर ढकलत नाही ना. दातांची वाट बघायची नसते. माझ्या मुलीच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, दात तरी येऊ दे तिला." मी त्यांना म्हटलं, "तिच्या हिरड्यांत जरा बोट देऊन बघा ना." त्यांनी बोट घातलं आणि लगेच "आई गं" म्हणून बाहेर काढलं. मऊ शिजलेला बटाटा चिरडायला त्या हिरड्या पुरून उरतात.

सहा महिनेच का, याचं एक मोठं उत्तर लोह आहे. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि साधारण सहाव्या महिन्यापर्यंत तो उतरणीला लागतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. दुधात बाकी बरंच काही असतं, पण ही एक गरज त्यानंतर दूध एकटं भागवू शकत नाही. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि पूर्ण वाढलेल्या पुरुषाला ८. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुन्हा एकदा तपासून घेतला होता. म्हणून सुरुवातीचे कितीतरी आठवडे नुसतं सफरचंद आणि गाजर वाटून देत राहणं मला पटत नाही. डाळी, अंडं, आणि घरात खात असाल तर मांस-मासे हे पहिल्या काही दिवसांतच ताटलीत यायला हवेत. डाळीसोबत टोमॅटो किंवा लिंबाचे दोन थेंब असले की त्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं.

दुसरी गोष्ट दाटपणाची. बाळाचं पोट लहान असतं. पाण्यासारखं सूप वाटीभर गेलं की आपल्याला वाटतं छान जेवलं, प्रत्यक्षात पोट पाण्याने भरलेलं असतं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. तेवढ्या त्या लहानशा पोटात बसवायच्या तर घास दाटच हवा. चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळला नाही, की समजायचं जमलं. वर थोडं तेल किंवा लोणी. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू अर्धी वाटी.

आता मुख्य मुद्दा. वेगळं पातेलं चढवलं की काय होतं ते मी इतक्या घरांत पाहिलं आहे. करणारी दमते. ती बहुतेक वेळा आईच असते, रात्री चार वेळा उठलेली. मग तिला सोपे पडणारे तीन पदार्थ ठरून जातात आणि बाळ महिनोन्‌महिने तेच खातं. खरी गरज असते वैविध्याची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ बाळाच्या आहाराचे आठ गट धरतात आणि दिवसभरात त्यातले निदान पाच पोटात जावेत असं म्हणतात. आईचं दूध हा त्यातला एक. बाकीचे म्हणजे धान्य आणि कंद, डाळी आणि दाणे, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-हिरव्या जीवनसत्त्व अ असलेल्या भाज्या आणि फळं, आणि इतर भाज्या-फळं. हे गणित बाळाच्या वेगळ्या स्वयंपाकात रोज जमवणं म्हणजे शिक्षा आहे. घरच्या जेवणात मात्र ते बरंचसं आपोआप जमतं, कारण मोठी माणसं रोज तेच खात नाहीत.

शिवाय बाळाला आपलं जेवण परकं नसतं! फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. काही आयांनी गरोदरपणात गाजराचा रस घेतला, काहींनी अंगावर पाजताना घेतला, काहींनी फक्त पाणी. पुढे बाळांना गाजराची चव असलेलं अन्न दिलं, तेव्हा ज्यांच्या आयांनी रस घेतला होता त्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. आईने खाल्लेल्याची चव गर्भजलात उतरते, दुधातही उतरते. म्हणजे तुमच्या घरातला लसूण, जिरं, आलं यांच्याशी बाळाची ओळख पहिल्या घासाच्या कितीतरी आधी झालेली असते. मग त्याला बिनचवीचा लगदा का द्यायचा? मसाल्याचा वास चालतो, जाळणारं तिखट नको, एवढंच पाळायचं.

मीठ मात्र नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात दिवसभरात १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, कारण त्याची मूत्रपिंडं अजून तयार झालेली नसतात. चहाच्या एका चमच्यात साधारण ५-६ ग्रॅम मीठ मावतं, त्यावरून अंदाज करा. साखरही नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कितीही प्रेमाने कुणी चाटवायला आणला तरी नाही म्हणायचं. गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला देऊ नये, स्वयंपाकात घातलेलं चालतं.

पातेल्यातून काढण्याची वेळ मी अगदी जवळून सांगते, कारण सगळं तिथेच ठरतं. डाळ शिजली, भाजी शिजली, मीठ-तिखट पडायचं आहे. त्या क्षणी एक पळी छोट्या वाटीत. चमच्याच्या पाठीने दाबायचं, मिक्सर नको. सुरुवातीला एकजीव करायचं, मग दर आठवड्याला थोडं कमी दाबायचं, म्हणजे घासात कण राहू लागतात. हे कण महत्त्वाचे आहेत. नऊ-दहा महिन्यांपर्यंत ज्यांना गुठळ्यांची सवय लागत नाही त्या मुलांना पुढे भरवणं अवघड जाताना दिसतं. वर्षाचं झालं की बाळ जवळजवळ घरातलंच सगळं खाऊ शकतं.

कणांची भीती वाटते हे मला कळतं. ओकारी काढणं आणि घास अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाने शिकून ठेवावा. ओकारी काढताना बाळ आवाज करतं, खोकतं, चेहरा लाल होतो, आणि घास तेच पुढे आणतं. घास खरंच अडकला की आवाज बंद होतो. तेव्हा काय करायचं याचं प्रशिक्षण वरचं अन्न सुरू करण्याआधीच घ्या. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. आणि बाळ खात असताना त्याला एकटं सोडायचं नाही.

शेंगदाणे आणि अंडी ॲलर्जीच्या धास्तीने लांबणीवर टाकण्याचा सल्ला आता जुना झाला आहे. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ साली आला. तीव्र एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या या बाळांपैकी ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी निघाली. तुमच्या बाळाला तसा एक्झिमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी दाण्याची मऊ पेस्ट डाळीत कालवून द्यावी.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. किती खायचं हे बाळाने ठरवायचं. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी १९२६ पासून दूध सुटत आलेल्या १५ बाळांना काही वर्षं स्वतःच्या मर्जीने खाऊ दिलं. समोर साधं, प्रक्रिया न केलेलं अन्न, एकूण तीसहून जास्त प्रकार. परिचारिकेने चमचा हातात धरून गप्प बसायचं, बाळाने ज्याकडे हात केला तेच द्यायचं, आग्रह नाही, नापसंतीही नाही. त्यातल्या एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यापुढे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा लहान ग्लास ठेवला जायचा. ते कधी जास्त, कधी कमी प्यायलं, आणि हाडं सुधारल्यावर त्याने ते घेणं बंद केलं. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि एका बाळावरून नियमही काढता येत नाही. पण सगळी मुलं छान वाढली, आणि डेव्हिस यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलं की युक्ती पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हतीच. काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं, किती खायचं ते बाळाने.

तान्ह्या बाळालाही पोट भरलेलं कळतं. तोंड मिटतं, मान फिरते, चमचा ढकलला जातो. त्यानंतर मोबाइल लावून, नाक दाबून, "हा एकच" म्हणत घातलेल्या घासांमधून बाळ पोटाचं ऐकू नये एवढंच शिकतं. आज पालकाची भाजी थुंकली? पुढच्या आठवड्यात परत ठेवा. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चव घ्यावी लागते. आणि त्याच्यासमोर तुम्ही तोच पालक खा. माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत बघत स्वतःचा जबडा हलवायची, घास मिळायच्या आधीच.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. "आमच्या जेवणात मीठ, तेल, मसाला फार, ते बाळाला कसं द्यायचं?" एक पळी आधी काढलीत तर प्रश्न तिथेच मिटतो. पण मीठ खरोखरच फार असेल तर बदलायचं ते घरच्या पातेल्याचं प्रमाण. मोठ्यांसाठीसुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस आहे. आमच्याकडे मीठ कमी केल्यावर सुरुवातीला कुरकुर झाली. आता मिठाचं भांडं टेबलावर असतं, ज्याला हवं तो वरून घेतो, आणि बरेचदा कुणी उघडतही नाही.