सॅमनमधला अर्धा वाटा कोणी दान दिलेला नाही

काल दादाने अलिबागहून एक फॉरवर्ड पाठवला, वर "बघ तुमच्या अमेरिकेत काय चाललंय". त्यात काय, तर वॉशिंग्टन राज्यातले आदिवासी सरकारच्या मेहेरबानीवर अर्धे सॅमन मासे फुकट नेतात, त्यांच्यामुळेच सॅमन संपत आला, आणि नायलॉनची जाळी टाकणाऱ्यांची कसली आलीय संस्कृती. मी त्याच राज्यात टॅकोमाला राहते, निस्क्वाली नदी इथून जवळच आहे, आणि कोळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने हे पुढे ढकलावं याचा खरंच राग आला.

मेहेरबानी कसली? 1854 मध्ये मेडिसिन क्रीकला अमेरिकन सरकारशी तह झाला, त्यात निस्क्वाली, पुयालप वगैरे आदिवासी लोकांची जवळजवळ सगळी जमीन गेली, फक्त आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. म्हणजे सरकारने दिलेला नाही, त्यांचाच होता तो त्यांनी राखला. आणि मग जमीन घेऊन झाल्यावर मासे धरले म्हणून अटक! निस्क्वाली लोकांचे बिली फ्रँक ज्युनियर, 1945 मध्ये पहिल्यांदा पकडलं तेव्हा 14 वर्षांचे होते, पुढे पन्नासहून जास्त वेळा पकडलं. शेवटी 1974 मध्ये जज बोल्ट यांनी तोच तह वाचून सांगितलं की "सगळ्या नागरिकांबरोबर" मासे धरायचे म्हणजे आदिवासी आणि बाकीचे यांचा निम्मा-निम्मा वाटा, तोही अंडी घालायला लागतील तेवढे मासे सोडून उरलेल्यातला. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

त्या निकालाआधी त्यांच्या हाती जेमतेम 5 टक्के मासे लागायचे, मग तेव्हापर्यंतची घट कोणाच्या नावावर टाकायची? इथल्याच एल्वा नदीवर 1913 आणि 1927 ची दोन धरणं होती, माशांना अंडी घालायला वर जायला वाटच ठेवली नव्हती. तिथले क्लॅलम लोक वर्षानुवर्षं मागे लागले, 2014 पर्यंत दोन्ही पाडली, आणि सॅमन परत वर जायला लागले.

जाळी नायलॉनची आहेत, बोटीला इंजिन आहे, मासे विकतातही, बरं, हे खरंय. पण आपल्या बोटीला डिझेल इंजिन आलं म्हणून नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचं थांबलं का आपलं? इथे हंगामातला पहिला सॅमन सगळे मिळून खातात आणि त्याची हाडं परत पाण्यात सोडतात, अजूनही.

दादा, ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलंस, तिथे हेही टाक.