‘निकाल दाखवा, मगच पगार घ्या’ म्हणे!

सध्या एक मेसेज गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. सार असं: “झेडपीच्या मास्तरांना पगार भरपूर, मूल्यमापन शून्य. साहेब कडक असला की शाळा सुधारते. कंपनीसारखं करा, पगार निकालाला जोडा.” मी द्विशिक्षकी शाळेवर आहे, तेव्हा मुद्द्याला मुद्दा.

‘मूल्यमापन शून्य’ हे साफ खोटं. शिक्षकाच्या कामाचा गोपनीय अहवाल दरवर्षी लिहिला जातो. त्यातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त खटल्यात सांगितलं. मला एका वर्षी त्यात ‘ब’ शेरा मिळाला. का, असं विचारलं तर उत्तर आलं, “असंच असतं हो गुरुजी.” त्या वर्षी माझा एकही तास कुणी पूर्ण बसून पाहिला नव्हता.

‘साहेब कडक हवा.’ भेटीला आलेले साहेब शेरे लिहितात ते आमचं शेरेबुक उघडा. पोषण आहाराची नोंद अपुरी, स्वच्छतागृहाचं दार मोडकं, आधारची माहिती जुळत नाही. तिसरीची मुलं हातच्याच्या वजाबाकीत का अडतात, यावर एक ओळ नाही. केंद्रप्रमुखाचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्याचं, पद खरं तर याच कामासाठी. पण जागा रिकाम्या, म्हणून एकाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रं. आणि मुख्याध्यापक? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तरच. त्याखाली प्रभारी म्हणजे आमच्यातलाच एक, दोन वर्ग सांभाळून तांदळाचा हिशेब ठेवणारा. आम्हाला दरारा नको. मागच्या बाकावर बसून तास ऐकणारा आणि नंतर “इथे घाई केलीत” म्हणणारा माणूस हवा. एकच माहिती तिसऱ्यांदा मागवली गेली तर वरच्यांना “आधीच दिलीय” म्हणणाराही हवा.

‘कंपनीसारखं करा.’ कंपनीतला माणूस काम अर्धवट टाकून मतदारयादी घेऊन दारोदार फिरत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. बीएलओचं, म्हणजे मतदारयादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम त्याच फटीतून येतं.

‘पगार निकालाला जोडा.’ वजन आहे ते या एकाच मुद्द्यात. आंध्र प्रदेशात 2005 पासून ग्रामीण सरकारी शाळांत बोनसचा प्रयोग झाला आणि मुलांचे गुण खरंच वाढले. पण तो बोनस पगाराच्या वर होता, सरासरी वर्षाच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या आसपास. कपात कुणाचीच नव्हती. मोजली गेली ती मुलांची प्रगती, नुसता निकाल नव्हे. आणि परीक्षा बाहेरच्या संस्थेने घेतल्या. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. उलट अमेरिकेतल्या अटलांटात गुणांचं लक्ष्य डोक्यावर ठेवलं, तेव्हा मोठ्यांनीच मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली. 2011 च्या राज्य चौकशीत 44 शाळांतले 178 शिक्षक-मुख्याध्यापक अडकले.

माझ्या तिसरीतली सहा मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, मार्चअखेर परतली. त्यातला एक जण जाताना दोन अंकी वजाबाकी करायचा, आता पुन्हा बोटं मोजतोय. त्याची प्रगती कुठल्या तारखेपासून मोजायची आणि माझा पगार किती कापायचा, हे मेसेजवाल्यांनी सांगावं.