मेंदूला इजा झालेलं मूल आणि ‘मोबाइलवरची थेरपी’

पालकांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. मेंदूला इजा झालेल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर थेरपी देणं ही फसवणूक आहे. थेरपिस्टचा हात लागल्याशिवाय मूल सुधारत नाही. आईवडिलांना त्यातलं काही कळत नाही. आणि वय लहान असेल तर मेंदूचं नुकसान आपोआप भरून निघतं, असं त्यात म्हटलंय. यातलं शेवटचं विधान सगळ्यात घातक, म्हणून सुरुवात तिथून.

‘लहान वयात मेंदू सावरतो’ या समजाला मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट केनर्ड यांच्या 1930च्या दशकातल्या माकडांवरच्या प्रयोगांमुळे बळ मिळालं. ते प्रयोग हालचालींबद्दलचे होते. पुढे मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा वेगळंच दिसलं. गंभीर इजा फार लवकर झाली, तर लक्ष देणं, नियोजन करणं, नवं शिकणं यांचं नुकसान बऱ्याचदा जास्त होतं, कारण या क्षमता अजून घडायच्याच असतात. त्या सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीपर्यंत घडत राहतो. चौथ्या वर्षी ‘अगदी बरं’ दिसणारं मूल दहाव्या वर्षी गृहपाठ वेळेत संपवू शकत नाही, आणि शाळा त्याला आळशी ठरवते. म्हणजे साथ वर्षानुवर्षं लागते, आणि तितकी वर्षं रुग्णालयाच्या फेऱ्या मारणं फार थोड्या घरांना जमतं.

हाताच्या स्पर्शाचा मुद्दा अर्धा खरा आहे. ताठर झालेले स्नायू हातानेच तपासावे लागतात, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) अंगावर बसवून बघावा लागतो, घास गिळताना ठसका लागत असेल तर प्रत्यक्ष तपासणी हवी. नव्याने उलट्या, गुंगी किंवा फिट आली तर कॉलची वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं. पण विसराळूपणा, चटकन येणारा थकवा, क्षणात भडकणारा राग यांवर हात फिरवून इलाज होत नाही. ते दिसतात घरात, म्हणून कॅमेरा घरात असणं इथे फायद्याचंच ठरतं.

सकाळची वेळ घ्या. मूल एक बाही घालून तसंच बसलंय. आई एका दमात सांगते, ‘आवर, दुसरी बाही घाल, दात घास, दप्तर भर.’ व्हिडिओ कॉलवर पलीकडून बघणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ, म्हणते, ‘ताई, एकच गोष्ट सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा.’ सातव्या-आठव्या आकड्याला हात दुसऱ्या बाहीत जातो. मूल हट्टी नव्हतं, सूचना मेंदूत उतरायला त्याला वेळ लागत होता. दवाखान्यातल्या शांत खोलीत हे कधीच दिसलं नसतं.

‘आईवडिलांना काय कळतं’ हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटतं. ब्राझीलमध्ये संशोधक लुसिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागलेल्या 5 ते 12 वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला तज्ज्ञांनी स्वतः थेरपी दिली. दुसऱ्यात तज्ज्ञांनी पालकांना शिकवलं आणि पालकांनी ते रोजच्या कामांत बसवलं. वर्षभरानंतर शारीरिक आणि बौद्धिक, दोन्ही बाबतींत ठळक सुधारणा फक्त पालकांच्या गटात दिसली. हा प्रयोग ऑनलाइन नव्हता, पण पालकांच्या कुवतीबद्दलची शंका त्याने मोडीत काढली.

राहिला फसवणुकीचा आरोप. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात मानसशास्त्रज्ञ शॅरी वेड यांचा गट 2000च्या दशकापासून अशा ऑनलाइन थेरपीवरच काम करतोय. वेबसाइटवर धडे, जोडीला थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलणं, आणि त्यात अख्खं कुटुंब. अडचण नेमकी ओळखायची, उपाय सुचवायचे, एक करून बघायचा. सुरुवातीच्या अभ्यासात ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांना तो पुरवला गेला. फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. पण काही अभ्यासांत पालकांचा मानसिक ताण घटला, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तुलनेने जास्त लाभ झाला.

मात्र कुणी मुलासमोर स्क्रीनवर नुसते खेळ लावून देत असेल आणि तुमच्याशी बोलतच नसेल, तर मेसेजमधली शंका तिथे रास्त आहे. पैसे भरण्याआधी विचारा: मुलाला प्रत्यक्ष कधी तपासणार, आम्हाला काय शिकवणार, शाळेशी कोण बोलणार?